तेरा महिन्यांचा अनुभव: बिलात 500 कमी भरले आणि व्याज लागलं 2,136

हे क्रेडिट कार्ड मी तेरा महिने वापरतेय. ॲप चांगलं चालतं, खर्चाचा मेसेज लगेच येतो, पॉइंट्स वेळेवर जमा होतात. त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते व्याजाबद्दल, कारण पाचव्या महिन्यात स्टेटमेंटवर जी एक ओळ आली तिचा उलगडा व्हायला मला दोन महिने लागले.

घडलं ते असं. 10 मार्चला लॅपटॉप आणि त्याची बॅग घेतली, मिळून 40,000. स्टेटमेंट निघतं 5 तारखेला, भरायची शेवटची तारीख 25. बॅग मला नको होती, ती परत केली. तिचे 500 चार-पाच दिवसांत येतील असं दुकानदाराने सांगितलं, म्हणून 25 एप्रिलला मी 39,500 भरले. रिफंड आला 29 तारखेला. माझ्या मते हिशेब मिटला होता. 5 मेच्या स्टेटमेंटवर मात्र व्याज 2,136!

पहिल्यांदा वाटलं, बँकेची चूक आहे. 500 चार दिवस थकले तर त्याचं व्याज दोनसुद्धा होत नाही. कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं," एवढंच उत्तर मिळालं. ते खरं होतं, पण त्यातून आकडा कुठून आला ते कळेना. शेवटी लेखी तपशील मागवला आणि कागद-पेन घेऊन बसले.

माझ्या कार्डाचा दर वर्षाला 36 टक्के, म्हणजे दिवसाला साधारण 0.0986 टक्के. 40,000 वर रोजचे 39.45. 10 मार्च ते 25 एप्रिल हे 46 दिवस, म्हणजे 1,815. उरलेल्या 500 चे चार दिवसांचे 2. राहिले 319, आणि मला खरा धक्का बसला तो यांचा. 8 एप्रिलला मी आणखी 12,000 ची खरेदी केली होती. तिचं बिल अजून निघालंही नव्हतं, तरी तिच्यावर 8 तारखेपासून स्टेटमेंटच्या दिवसापर्यंत 27 दिवसांचं व्याज धरलं होतं. बेरीज बरोबर 2,136. चूक नव्हतीच.

"50 दिवसांपर्यंत बिनव्याजी" हे शब्द कार्ड घेताना आपण वाचतो. ही सवलत आहे आणि तिला एक अट आहे: शेवटच्या तारखेपर्यंत बिल पूर्ण भरायचं. थोडं जरी कमी पडलं तरी सवलत उरलेल्या रकमेपुरती जात नाही. माझ्या कार्डाच्या नियमांत ती त्या बिलातल्या सगळ्या खरेदीवरून जाते, आणि मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही मिळत नाही. सगळ्या कार्डांचे नियम अगदी असेच नसतात. काही ठिकाणी फक्त न भरलेल्या रकमेवर व्याज लागतं, काही ठिकाणी ते रोजच्या रोज मुद्दलात मिळवलं जातं. आपल्या कार्डाचं नियमपत्रक काढून "व्याज आकारणी" हा भाग वाचाच. माझ्या पत्रकात तर उदाहरणासकट दिलेलं होतं. मी ते उघडलंच नव्हतं.

मेमध्ये मी कार्ड बाजूला ठेवलं आणि 25 तारखेला 14,136 चं पूर्ण बिल भरलं. तरी 5 जूनला पुन्हा व्याज, 279. काहीही खरेदी न करता! स्टेटमेंट निघालं तेव्हापासून मी पैसे भरेपर्यंतच्या 20 दिवसांचं हे व्याज. स्टेटमेंट त्या दिवसापर्यंतचाच हिशेब दाखवतं, पण बाकीवर व्याज चालूच राहतं. हे माहीत असतं तर बिल निघालं त्याच दिवशी भरलं असतं. ते 279 मात्र मी त्याच संध्याकाळी भरले.

एव्हाना बाकीचे नियमही वाचून झाले होते. "मिनिमम ड्यू" म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम; ती भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो, व्याज नाही. माझ्या कार्डावर ती रक्कम बिलाच्या 5 टक्के आहे. 40,000 च्या बिलावर 2,000 भरावेत, तर एका महिन्याचं व्याजच जवळपास 1,200 होतं. ऑटो पे लावताना माझ्या ॲपमध्ये हाच पर्याय आधीपासून निवडलेला होता, तो बदलून मी "पूर्ण रक्कम" केला. कार्डावर रोख काढली तर बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज, शिवाय वेगळं शुल्क. मी कधी काढली नाही, काढणारही नाही.

आता रिफंड खात्यात दिसेपर्यंत तो आला असं मी धरत नाही. बिलावर असेल तेवढं सगळं भरते. रिफंड नंतर आला तर पुढच्या बिलात वजा होतो.

बँकेकडून एकच हवंय: व्याजाच्या ओळीवर बोट ठेवलं की कोणत्या रकमेवर, किती दिवस, कोणत्या दराने हे तिथेच दिसावं. हिशेब त्यांच्याकडे तयार असतो, मला तो सहा दिवसांनी ईमेलवर मिळाला. ही सूचना मी ॲपमधून दोनदा पाठवली आहे. अजून काही बदल दिसलेला नाही, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण. कार्ड मात्र चालू ठेवलंय. जुलैपासून व्याजाची ओळ शून्य आहे.