तीन फॉरमॅट आणि एक पट्टी

दुकानाला नाव नाही, म्हणून आधी पत्ता. बेळगावात गणपत गल्लीच्या मागच्या बोळात, शिंप्याच्या दुकानावरची माडी. लाकडी जिना आहे, दोरी धरून चढायचं. पाटीवर वर मोठ्या कन्नडमध्ये आणि खाली बारीक मराठीत एवढंच लिहिलंय: ‘कॉम्प्युटर रिपेअरी’. नाव का नाही म्हणून विचारलं, तर मालक म्हणाला, “पेंटर अक्षरावर पैसे घ्यायचा काकू. कामाचं तेवढं लिहून घेतलं.”

मी खानापूरला घरातच डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी, करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, मराठी आणि कन्नड दोन्ही. सासऱ्यांचं छपाईचं ट्रेडल मशीन होतं, लग्न होऊन आल्यावर मी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला शिकले, तिथनं सुरुवात. जुन्या कॉम्प्युटरला रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, चारच जीबी होती. पत्रिकेवरचा गणपती उघडेपर्यंत चहा पिऊन कपबशी विसळून व्हायची.

जूनमध्ये मुलानं पुण्याहून यादी दिली आणि आम्ही सुटे भाग मागवून घरीच नवीन मशीन जुळवलं. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ६००० स्पीडच्या. तो व्हिडिओ कॉलवर, मी स्क्रूड्रायव्हर घेऊन, आणि आमचे हे टॉर्च धरून. पहिल्यांदा चालू केलं तर पंखे फिरताहेत, पडदा काळा, बोर्डावर एक पिवळा दिवा. मी बंद करणार तेवढ्यात मुलगा ओरडला, “आई, हात लावू नकोस!” नव्या बोर्डावर डीडीआर५ पहिल्यांदा घातली की बोर्ड आधी तिची नाडी बघतो म्हणे, त्याला काही मिनिटं लागतात. पाच-सहा मिनिटांनी चित्र आलं. हे ठाऊक नसल्यामुळे किती जणांनी चांगला बोर्ड परत पाठवला असेल देव जाणे.

आठवडाभर सुखात गेला. मग डिझाइनचं कोरल आपोआप बंद पडायला लागलं. एकदा फोटोशॉप. एकदा नुसतं ब्राउझर उघडून बसले होते तर निळा पडदा, मेमरी मॅनेजमेंट म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा, पण कारण वेगळंच लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी तिसरं. गिऱ्हाइकानं पाठवलेली फोटोंची झिप फाइल उघडेना, तीच यांच्या लॅपटॉपवर बिनबोभाट उघडली. आणि एका मंडळाच्या पावतीपुस्तकाची पीडीएफ छापखान्यात गेली, तर गणपतीच्या सोंडेवरनं आडवा हिरवा पट्टा! नशीब, छापणाऱ्यानं फोन केला.

मुलानं फोनवरनं विंडोजमधलीच मेमरीची तपासणी करायला लावली. वीस-पंचवीस मिनिटांत ‘काही दोष नाही’ म्हणून आलं. म्हणजे रॅम चांगली, असं आम्ही दोघं धरून चाललो. तिथंच फसलो. त्याच्या सांगण्यावरनं पहिलं फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणं, मी केलं.

पुढची दोन फॉरमॅट बेळगावातल्या एका मोठ्या, एसीच्या दुकानात झाली. नाव लिहीत नाही. प्रत्येक वेळी ५०० रुपये. दुसऱ्या वेळी त्यांनी रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला. जुन्या मशीनला हा गुण यायचा हे मलाही माहीत आहे, दमट हवेत दातांवर थर चढतो आणि आमच्या खानापूरच्या पावसात तर लोणच्याच्या बरणीवरही चढतो. पण महिन्याभराच्या नव्या रॅमवर थर कुठला? दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फोन केला तर म्हणाले एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, बदला, साडेतीन हजार होतील. म्हटलं, आता नको.

ह्या माडीवरच्या माणसाचं नाव मला लॅमिनेशनवाल्यानं सुचवलं. कॅबिनेट चादरीत बांधून एसटीत बसले. २०२३ पासून कर्नाटकात आम्हा बायकांना तिकीट शून्य रुपयांचं, पण मांडीवरचं बोचकं बघून कंडक्टर म्हणाला, “बाळ झोपलंय काय अक्का?” लगेज लावलं नाही.

मालकानं झाकण काढलं आणि काही न विचारता हसला. “पट्ट्या शेजारी शेजारी कुणी घातल्या?” मी म्हटलं, मी. चार खाचा होत्या, मी पहिल्या दोन भरल्या. जोडीच्या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या, नाहीतर दोन्ही एकाच वाटेनं जातात आणि वेग निम्मा राहतो. बोर्डाच्या पुस्तकात हे छापलंय. मोठ्या दुकानातही पट्ट्या काढून परत तिथंच लावल्या होत्या! “पण क्रॅश सहसा नुसत्या ह्यानं होत नाही,” हेही त्यानंच सांगितलं. इथं मला माणूस पटला. दुसरा असता तर एवढ्यावर पैसे घेऊन घरी पाठवलं असतं.

मग त्यानं पेनड्राइव्हवरनं रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस चालू केलं. हे फुकट आहे आणि विंडोजच्या आधीच सुरू होतं. रॅममध्ये तेव्हा विंडोज नसतंच, म्हणून जवळजवळ सगळीच रॅम तपासली जाते. अकराव्या मिनिटाला लाल ओळी, म्हणजे चुका. मी उठून उभी राहिले. तो बसूनच. “थांबा की काकू. अजून काय कळलंय?”

बॉक्सवर ६००० लिहिलेलं असतं ते बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्स्पो नावाचा जादा वेग चालू केल्यावर मिळतं, आणि ह्या प्रोसेसरची कंपनी स्वतः ५२०० पर्यंतचीच हमी देते. म्हणजे चुका जादा वेगामुळेही येऊ शकतात. त्यानं एक्स्पो बंद केलं, रॅम ४८०० वर आली. लाल ओळी कमी झाल्या, पण पाऊण तासानं एक आलीच. मग एकेक पट्टी वेगळी. पहिली स्वच्छ. दुसरीला चूक. ती पट्टी वेगळ्या खाचेत घातली, तरी चूक तिच्याबरोबर गेली. चांगली पट्टी त्या आधीच्या खाचेत घातली, तिथं काही नाही. “आता कळलं. बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, पट्टी मेली.” ह्या सगळ्याला दीड दिवस लागला, मशीन रात्री तिथंच ठेवलं.

मी विचारलं, मग दर वेळी वेगळं का बंद पडायचं? त्यानं बिट, ॲड्रेस असं काही सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र सासऱ्यांची खिळ्यांची केस, म्हणजे खणाखणांची पेटी, आली. केसच्या एका खणाला तळाशी भोक असेल तर त्या खणात आज ‘क’ ठेवा की उद्या ‘म’, खिळा खाली पडणारच. रॅमचं तेच. त्या भोकावर आज कोरल आलं, उद्या गणपतीची सोंड आली, परवा खुद्द विंडोज. हे त्याला सांगितलं तर त्यालाच ते आवडलं. आता गिऱ्हाइकांना खिळे काय असतात हे आधी समजावून सांगत बसतो म्हणे.

एक गोष्ट कबूल करते. एका पत्रिकेत ‘स्वागतोत्सुक’चं ‘स्वागथोत्सुक’ झालं होतं. मुलगा म्हणाला, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या आकड्यांत, ‘त’ आणि ‘थ’ यांत एका बिटाचाच फरक, रॅमनंच केलं असेल. पण इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हे दोन्ही एकाच कळीवर, शिफ्टचा तेवढा फरक. ते माझं बोट होतं. बिचाऱ्या पट्टीवर सगळंच कशाला घालायचं?

दोन सल्ले त्यानं दिले, ते मोठ्या दुकानानं द्यायला हवे होते. एक, खराब रॅमवर विंडोज टाकायचं नाही, कारण टाकताना त्याच भोकातनं फायली जातात आणि नवं विंडोजही फाटकंच बसतं. म्हणजे माझी तीन फॉरमॅट पाण्यातच गेली असं नाही, उलटी नडली. दुसरा, “जुन्या पत्रिका उघडून सेव्ह करू नकासा. बघायच्या तर लॅपटॉपवर बघा.” हे कळायच्या आधी मी किती फायली सेव्ह केल्या होत्या ते आठवून त्या रात्री झोप लागली नाही. पाच फायली बिघडलेल्या निघाल्या, जुन्या हार्ड डिस्कवर मूळ होत्या म्हणून वाचले.

नवीन रॅम घ्या असं तो एकदाही म्हणाला नाही. वॉरंटीत पाठवायला लावली, तीही दोन्ही पट्ट्या, जोडी म्हणून विकलेली जोडीनंच पाठवायची. तोवर काम चालावं म्हणून स्वतःची आठ जीबीची एक पट्टी दिली, कुंद्याच्या रिकाम्या खोक्यात घालून. बदली जोडी १९ दिवसांनी आली. त्यानं आधी बायोस अपडेट केलं, पट्ट्या दुसऱ्या-चौथ्या खाचेत घातल्या, रात्रभर मेमटेस्ट लावलं आणि मगच विंडोज टाकलं. वेग ५६०० वर ठेवलाय. ६००० लाही चालली, पण म्हणाला पत्रिकेला कशाला, आणि मला फरक खरंच कळत नाही. तेव्हापासून निळा पडदा नाही. सगळे मिळून ७०० रुपये घेतले, उसन्या पट्टीचं भाडं नाही.

आता तक्रारी. फोन उचलत नाही, म्हणजे उचलतच नाही. ‘संध्याकाळी या’ याचा अर्थ उद्या संध्याकाळी. बसायला एक स्टूल, त्यावर सोल्डरिंगची वायर. खानापूर-निपाणीकडनं येणाऱ्यानं सकाळीच गाठावं आणि मशीन ठेवून जायची तयारी ठेवावी. घाई असेल त्यानं तो जिना चढू नये. गुडघे दुखत असतील त्यानंही. पाचपैकी साडेचार देते, अर्धा फोनचा कापला.

परवा उसनी पट्टी परत द्यायला गेले तेव्हा म्हटलं, तुम्हाला शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून देते, पैसे नकोत. खूश झाला. मग दुकानाचं नाव काय घालू विचारलं तर विचारात पडला. शेवटी ‘कॉम्प्युटर रिपेअरी’ एवढंच, वर कन्नड, खाली मराठी, दोन्ही एकाच मापात घालून प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवलंय. चार दिवस झाले, अजून बघितलेलं नाही.