वर्डप्रेस अपडेट: थेट लेखन की एफटीपी?

अपडेटचं बटण दाबलं की वर्डप्रेस (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) आधी एक तात्पुरती फाइल तयार करून पाहतं. तिचा मालक आणि वर्डप्रेसच्या मूळ फाइल्सचा मालक एकच निघाला, तर वर्डप्रेस नव्या फाइल्स स्वतःच थेट लिहितं; नाहीतर एफटीपीचं (सर्व्हरवर फाइल्स पाठवायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड विचारणारी खिडकी समोर येते.

थेट पद्धत सोयीची. रात्रीत आपोआप येणारे सुरक्षा अपडेटही बिनबोभाट बसतात. पण वेब सर्व्हरला कोडवर लिहिण्याची मुभा असते, म्हणजे सुरक्षेत भोक असलेलं एखादं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) हल्लेखोरालाही तीच मुभा देतं. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) सगळ्या साइट सर्व्हरवरच्या एकाच युजरखाली चालत असतील, तर शेजाऱ्याची साइट फुटली की आपलीही गेली.

एफटीपीत वेब सर्व्हरला कोडवर फक्त वाचनाचा हक्क पुरतो. मात्र साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, आणि तो साइटच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये लिहून ठेवला तर कुलपाशेजारीच किल्ली टांगल्यासारखं!

माझा कौल थेट पद्धतीला, पण पीएचपी (वर्डप्रेसचा कोड ज्या भाषेत आहे ती) त्या साइटच्या स्वतंत्र युजरखाली चालवून. परवानग्यांचे आकडे: फोल्डर ७५५, फाइल्स ६४४, म्हणजे लिहिणं फक्त मालकाला, वाचणं सगळ्यांना. पासवर्डची खिडकी घालवायला ७७७, म्हणजे सगळ्यांनाच लिहायची मुभा, मात्र कधीच नको.