पीडीजीएची नियमावली : पट मारताना पाय कुठे असावेत?

एड हेड्रिक यांनी १९७६ साली अमेरिकेत स्थापन केलेल्या पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) या संघटनेची डिस्क गोल्फची, म्हणजे डिस्क फेकून बास्केटमध्ये टाकण्याच्या खेळाची, अधिकृत नियमावली संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येते. हे परीक्षण तिच्यातील केवळ एका विषयाचे आहे : पट, म्हणजे डिस्क बास्केटमध्ये टाकण्यासाठी जवळून केलेला थ्रो, मारताना कसे उभे राहावे. हौशी खेळाडूंमध्ये सर्वाधिक वाद याच विषयावरून होतात आणि बहुतेकदा वाद घालणाऱ्यांपैकी कोणीही मूळ मजकूर वाचलेला नसतो.

मूळ नियम थोडक्यात आणि नेमका मांडलेला आहे. थांबलेली डिस्क जागेवर ठेवून तीच मार्कर (जागेची खूण) म्हणून वापरता येते, किंवा तिच्या पुढच्या कडेला टेकवून बास्केटच्या दिशेने मिनी (खुणेची छोटी डिस्क) ठेवता येते. मार्करच्या मागच्या कडेपासून मागे ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद अशी जी पट्टी मिळते, ती म्हणजे लाय. डिस्क हातातून सुटते त्या क्षणी शरीराचा निदान एक आधार, म्हणजे टेकलेला भाग, लायवर असला पाहिजे, कोणताही आधार मार्करच्या मागच्या कडेपेक्षा बास्केटच्या जवळ असता कामा नये आणि सर्व आधार हद्दीच्या आत असले पाहिजेत. गुडघा टेकला असेल, तर तोही आधारच धरला जातो.

यातील ‘जवळ’ ही अट मला विशेष नेटकी वाटते. मार्करमागून एक आडवी रेषा जाते आणि ती ओलांडली की चूक होते, असा अनेकांचा समज आहे. नियम मात्र बास्केटपासूनचे अंतर पाहतो. बास्केट ३ मीटरवर आहे आणि झुडूप चुकवण्यासाठी खेळाडूने दुसरा पाय १ मीटर बाजूला टाकला आहे, असे समजा. तो पाय त्या कल्पित रेषेच्या सुमारे १७ सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत मार्करपेक्षा बास्केटच्या जवळ येतच नाही. असा पट पाहून कोणी ‘चूक’ अशी ओरड केली, तर खेळाडूने निर्धास्तपणे नियम दाखवावा.

मार्करच्या मागच्या कडेपासून बास्केटच्या तळापर्यंतचे अंतर १० मीटर किंवा त्याहून कमी असेल, तर आणखी एक अट लागू होते : डिस्क सोडल्यावर मार्करच्या मागे तोल पूर्णपणे सावरल्याचे दाखवूनच पुढे जायचे. त्यापलीकडून मारताना डिस्क सुटल्यानंतर पाय पुढे पडला तरी चालतो आणि जम्प पटला (पुढे उडी घेत मारलेल्या पटला) वाव मिळतो तो यामुळेच. मात्र डिस्क सुटताना पाय लायवर हवाच; पाय आधी हवेत आणि डिस्क मागाहून, असा जम्प पट कितीही अंतरावरून मारला तरी नियमबाह्य ठरतो.

माझी तक्रार इथेच आहे. तोल सावरल्याचे किती वेळ दाखवायचे, हे मजकूर सांगत नाही, त्यामुळे घाईने पुढे निघणाऱ्या खेळाडूचा निवाडा पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून राहतो. शिवाय स्टान्सचा (उभे राहण्याचा) मूळ नियम एका कलमात आणि १० मीटरची अट दुसऱ्या कलमात असल्याने नवखा वाचक पहिले वाचून थांबतो. निदान तिथे दुसऱ्या कलमाकडे बोट दाखवणारी एक ठळक ओळ असायला हवी.

एरवी खेळाडूची अडचण या नियमांनी समजून घेतली आहे. मोठ्या, भक्कम अडथळ्यामुळे मार्करमागे उभेच राहता येत नसेल, तर बास्केट आणि मार्कर यांच्या रेषेतच अडथळ्याच्या लगेच मागे नवी लाय घेता येते. चिखलात गुडघा टेकायचा असेल, तर दाबल्यावर १ सेंटिमीटरहून जाड न राहणारा टॉवेल अंथरता येतो. चुकीला एका थ्रोचा दंड आहे. पण गटातील एकाने हरकत घेऊन दुसऱ्याने तिला दुजोरा दिल्यावर, किंवा अधिकृत पंचाने चूक दाखवल्यावरच तो लागतो. स्पर्धेत उतरू पाहणाऱ्याने ही दोन्ही कलमे सरावाच्या बास्केटजवळ मिनी आणि मोजपट्टी घेऊन वाचावीत.