प्रोटॉनच्या अंतरंगाची तयार कोष्टके : एलएचएपीडीएफ ६ वापरल्यानंतर

हॅम्बुर्गच्या डेसी प्रयोगशाळेत, हेरा नावाच्या ६.३ किलोमीटर परिघाच्या यंत्रात, १९९२ ते २००७ या काळात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन प्रोटॉनवर आदळवले गेले. वेगवान प्रोटॉनच्या संवेगाचा किती वाटा कोणत्या क्वार्ककडे आणि किती क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनकडे असतो, याविषयीचे आजचे ज्ञान बऱ्याच अंशी त्या टकरांवर उभे आहे. हे वाटे स्वतःच्या गणितात वापरायचे असतील, तर एलएचएपीडीएफ ही विनामूल्य सॉफ्टवेअर लायब्ररी सोयीची पडते.

फोरट्रानमधील जुनी पाचवी आवृत्ती संगणकाची स्मृती बेसुमार अडवून ठेवत असे. सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिलेल्या सहाव्या आवृत्तीत तो त्रास उरलेला नाही आणि पायथनमधूनही ती वापरता येते. वाट्यांचे संच, म्हणजे तयार कोष्टके, मात्र लायब्ररीसोबत येत नाहीत, ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात.

मी सीटी१८ हा संच घेतला आणि नवे भांडे घेताना वाजवून पाहावे तशी त्याची परीक्षा केली. अप क्वार्कमधून अप प्रतिक्वार्क वजा करून बेरीज केली तेव्हा उत्तर जवळजवळ २ आले आणि डाउनसाठी १. सर्व घटकांचे संवेग मिळून १ झाले. १०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जापातळीवर जवळपास निम्मा संवेग एकट्या ग्लुऑनकडे दिसला. शाळेत शिकवलेल्या ‘तीन क्वार्कांच्या’ (दोन अप, एक डाउन) प्रोटॉनमध्ये या निम्म्याला जागाच नव्हती.

पहिल्या प्रयत्नात माझी बेरीज चुकली होती, कारण लायब्ररी वाटपाचे फलन थेट देत नाही, तर एक्सने, म्हणजे संवेगाच्या हिश्श्याने, गुणून देते. तसे सूचनापुस्तिकेत लिहिलेले आहे. मी ते वाचले नव्हते.

खरी सावधगिरी बाळगावी लागते ती दुसरीकडे. हेराच्या एकत्रित मोजमापांत सर्वांत लहान एक्स एका कोटीत सहा भाग एवढा आहे, तर एनएनपीडीएफ ४.० या संचाचे कोष्टक एका अब्जांशापर्यंत खाली उतरते. त्याच्याही पलीकडचा एक्स विचारला, तरी मूळ मांडणीत लायब्ररी न अडखळता एक आकडा हातात ठेवते. तो आकडा मोजलेला नसतो, पुढे ओढलेल्या रेषेवरचा असतो. कोष्टकाबाहेर गेल्यास त्रुटी दाखवून थांबण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, आणि नवशिक्याने ती आधी लावावी असे माझे मत आहे.

अनिश्चिततेची व्यवस्था मला सर्वांत आवडली. सीटी१८ मध्ये एक मध्यवर्ती आणि ५८ त्रुटीदर्शक सदस्य, म्हणजे त्याच कोष्टकाच्या किंचित वेगळ्या आवृत्त्या, आहेत, तर एनएनपीडीएफ शंभर प्रतिकृती देते. दोहोंचे हिशेब वेगवेगळ्या पद्धतींचे असले, तरी लायब्ररीतील एकच फलन (तयार आज्ञा) योग्य सूत्र निवडते. शिवाय सीटी१८ चे अनिश्चितता दाखवणारे पट्टे ९० टक्के विश्वासपातळीचे असल्याने ते इतर संचांपेक्षा फुगलेले दिसतात. हे फलन त्यांना मुळातच ६८ टक्क्यांवर आणून देते, त्यामुळे तुलना रास्त होते. केवळ मध्यवर्ती सदस्य वापरून आलेख काढणाऱ्यांनी निदान एकदा तरी हे पट्टे काढून पाहावेत, विशेषतः एक्स १ च्या जवळ जातो तिथे, जिथे ग्लुऑनचा पट्टा मध्यवर्ती रेषेपेक्षाही मोठा होऊन बसतो.