जुन्या लॅपटॉपवर लायनक्स मिंट: सात महिन्यांनंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लॅपटॉप पाचव्या पिढीच्या आय थ्रीचा. विंडोज 11 ला आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे आमचा विषयच संपला. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट थांबला आणि त्याच आठवड्यात मी लायनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, टाकलं. लग्नपत्रिकांच्या जुन्या फायली मिंटवर न चालणाऱ्या कोरलड्रॉमध्ये असल्यामुळे विंडोजही शेजारी ठेवलं. पुढचं बरंचसं दुखणं या शेजारातूनच आलं.

पहिल्याच दिवशी मशीन सुरू केलं तर थेट विंडोज. मिंटचा पत्ताच नाही. ज्यावरून मिंट टाकलं त्या पेनड्राइव्हला तासभर शिव्या घातल्या. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बूट ऑर्डर (आधी काय सुरू करायचं तो क्रम) बघितली, मिंटची नोंद दुसऱ्या नंबरवर होती. वर सरकवली, झालं.

वायफायने मात्र खरा घाम काढला. नेटवर्कच दिसेना आणि वायफाय चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, उतरवायला नेट हवं. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर बसवला. मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो काहीतरी टाकला. रीस्टार्टला निळा पडदा आला, काय ते वाचेपर्यंत दहा सेकंदांत गेलाही. वायफाय तसंच मेलेलं. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ड्रायव्हर हाताने चालवून बघितला तेव्हा उत्तर आलं, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, म्हणजे किल्ली नाकारली. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारा मशीनचा पहारा, चालू असताना बाहेरचा ड्रायव्हर चालायचा तर त्याची सही मशीनने ओळखायला हवी, आणि ती ओळख त्या निळ्या पडद्यावर करून द्यायची असते. मोकयुटिल या आज्ञेने त्या सहीची किल्ली पुन्हा नोंदवली, रीस्टार्ट केलं आणि या वेळी कीबोर्डवर बोटं ठेवूनच बसलो. निळ्या पडद्यावर ‘एन्रोल मोक’ (किल्ली नोंदवा) निवडलं, मग तोच पासवर्ड. वायफाय आलं. बरेच जण इथे सिक्युअर बूटच बंद करून मोकळे होतात. तसंही चालतं.

बारीकसारीक दोन गोष्टी. विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी अकरा वाजता दिलेल्या बिलावर साडेपाच छापले गेले. मिंट मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, ठेवतं आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेच्या एका ओळीत मिटलं. आणि मिंटमधून डी ड्राइव्हवर काहीच सेव्ह होईना, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. ते बंद केलं.

मोठा दणका एप्रिलात बसला. वळीव आला, लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच कामातून गेलेली, त्यामुळे मशीन जागीच बंद. परत सुरू केलं तर काळा पडदा आणि ‘इनिटरॅमएफएस’, म्हणजे मिंट सुरू होता होता अर्ध्यातच अडकलेलं. पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेले नंदगडचे एक काका बाकावर बसलेले. म्हणाले, “चालू हुईना काय? उद्या येऊ काय मग?” धाकटा भाऊ आतून ओरडला, “दादा, ते लायनक्स काढून टाक की!” बेळगावच्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवर तेच सांगितलं.

पण पडद्यावरच्या ओळी नीट वाचल्या तर डिस्कच्या कुठल्या भागावर एफएससीके (फायलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) हाताने चालवायचं ते लिहिलेलं होतं. चालवलं, प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं, एक्झिट केलं. पाच मिनिटांत मिंट उघडलं, काकांचं प्रूफही निघालं. तरी शंका राहिली म्हणून ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचे, आकडे बघितले. डिस्कवरचे खराब सेक्टर बरेच वाढले होते. हार्डडिस्कच मरायला टेकली होती. त्याच रात्री सगळा डेटा बाहेर काढला आणि तिच्या जागी एसएसडी बसवली. विंडोज आधी टाकायचं, मिंट नंतर, हा क्रम आता पाठ आहे. सोबत यूपीएसही घेतला, तो खरं तर आधीच घ्यायला हवा होता.

कामाचं म्हणाल तर मी खूश आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत मराठी आणि कन्नडची बटणं एकच, ‘क’ दोन्हींकडे त्याच जागी. मराठी पत्रिका अर्धी सोडून पहाणीचा (कर्नाटकातला सातबाऱ्यासारखा उतारा) कन्नड अर्ज भरायचा असला तरी बोटं अडत नाहीत. प्रिंटर आपोआप ओळखला गेला, स्कॅनरला एक दुपार गेली.

एक दुखणं अजून आहेच. झाकण मिटलं की मशीन झोपतं आणि उघडल्यावर उठतच नाही. दुसरं कर्नल, म्हणजे मिंटचा गाभा, टाकून बघितलं, फरक नाही. सध्या पॉवर सेटिंगमध्ये ‘झाकण मिटल्यावर काही करू नको’ असं ठेवलंय.