१९१७ च्या लुगर पिस्तुलाचे ‘नूतनीकरण’: एका कार्यशाळेच्या कामाविषयी

ओहायोतील एका कार्यशाळेने माझ्या मित्राच्या संग्रहातील डीडब्ल्यूएम या जर्मन शस्त्रनिर्मिती कंपनीच्या बनावटीचे लुगर पी०८ पिस्तूल अगदी नव्यासारखे चकचकीत करून परत पाठवले, आणि तेच त्याचे सर्वांत मोठे नुकसान ठरले. मूळ पिस्तुलाच्या पोलादावर मुद्दाम मंद गंज चढवून, तो उकळून आणि घासून निळसर काळी झिलई आणलेली होती; ट्रिगर आणि सेफ्टीचा खटका यांसारखे छोटे भाग मात्र त्या काळच्या पद्धतीनुसार गवती पिवळ्या रंगाचे होते. कार्यशाळेने सगळे भाग सरसकट तापलेल्या क्षारांच्या द्रावणात बुडवल्यामुळे आता ट्रिगरही काळाभोर दिसतो.

त्याहून वाईट काम बफिंगच्या, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या, चाकाने केले आहे. रेखीव कडा गोलावल्या, पिनांच्या छिद्रांभोवती खोलगट वाट्या पडल्या, टॉगलवरची (पिस्तुलाच्या माथ्यावरच्या सांधेदार भागावरची) डीडब्ल्यूएमची गुंफलेली अक्षरे पुसट झाली आणि उजव्या बाजूचे मुकुट असलेले तपासणीचे शिक्के तर भिंगाखालीही नीट वाचता येत नाहीत. रंग पुन्हा देता येईल, पण घासून गेलेले पोलाद परत कसे आणणार? संग्राहक सुट्या भागांवरचे एकमेकांशी जुळणारे अनुक्रमांक, ठसठशीत शिक्के आणि शिल्लक मूळ झिलई यांनाच किंमत देतात, त्यामुळे डागाळलेले पण अस्सल पिस्तूल अशा चकाकीपेक्षा केव्हाही मोलाचे असते.

वेळ पाळली आणि पॅकिंग उत्तम होते, हे मान्य. तरीही संग्राह्य शस्त्रासाठी या कार्यशाळेची शिफारस मी करणार नाही. वरवरच्या गंजासाठी हलके तेल आणि मऊ कापड पुरेसे होते.