बर्फ काढायला घेतलेला ट्रॅक्टर: ११८ तासांनंतरचा अनुभव

मीटरवर ११८ तास झालेत. नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पहिला बर्फ काढला, एप्रिल २०२५ च्या अखेरीस शेवटचा. घेण्याआधी मी तीन महिने माहिती काढत होते, आणि तेव्हा ज्या गोष्टींवर डोकं खपवलं त्यातल्या निम्म्या प्रत्यक्षात बिनमहत्त्वाच्या निघाल्या. ज्यांनी खरा फरक पडला त्या मात्र कुणी नीट सांगितल्याच नव्हत्या. म्हणून सविस्तर लिहिते आहे. अमेरिकेत डोंगरात घर घेणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. त्यांच्या हे उपयोगी पडावं.

आधी जागा सांगते, कारण सगळा हिशोब जागेवरच आहे. आम्ही कोलोरॅडोत, बोल्डरच्या पश्चिमेला, नेडरलंडच्या वरच्या अंगाला राहतो. उंची साधारण २,६०० मीटर. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्ता खाली राहतो आणि तिथून १.४ किलोमीटर खडीचा खाजगी रस्ता पाच घरांपर्यंत चढतो. दोन हेअरपिन वळणं, आणि सर्वात कडक चढ शंभराला बाराचा. काउंटीचा बर्फ सारणारा प्लाऊ खाजगी रस्त्यावर येत नाही. आधी एक कंत्राटदार पिकअपला पातं लावून यायचा. १३ ते १५ मार्च २०२४ च्या वादळात आमच्या बाजूच्या डोंगरांत मीटरभराहून जास्त बर्फ पडला तेव्हा त्याची गाडी पहिल्या वळणापर्यंतही आली नाही. आम्ही पाच घरं चार दिवस अडकलो. वरच्या घरातल्या आजी ऑक्सिजनवर असतात. मी हॉस्पिटलमध्ये फार्मसीत काम करते, त्यामुळे सिलिंडर किती तास पुरतो हे मला नेमकं ठाऊक होतं, आणि त्या चार दिवसांत मी दुसरा कुठलाच विचार केला नाही. पाचांपैकी चार घरांनी वर्गणी काढायचं ठरवलं आणि चालवायचं काम मी घेतलं. कराडजवळ आमचं उसाचं रान आहे, ट्रॅक्टर मला आण्णांनी चौदाव्या वर्षी शिकवला होता.

घेतलेला ट्रॅक्टर: ३८ एचपी, टर्बो, हायड्रोस्टॅटिक (म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर, पेडलने चालणारा), फोर व्हील ड्राइव्ह, हीटरची केबिन. पुढे लोडर, मागे बर्फ दूर फेकणारा सहा फुटी स्नो ब्लोअर आणि एक सात फुटी पातं, दोन्ही आलटून पालटून मागच्या थ्री-पॉइंट जोडणीला जोडायची. सगळं मिळून पन्नास हजार डॉलरच्या थोडं खाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कुबोटा, जॉन डिअर, कायोटी, महिंद्रा, सगळ्यांकडे या वर्गात जवळपास सारखं यंत्र मिळतं. डीलर किती जवळ आहे आणि जानेवारीत फोन उचलतो का, हा फरक रंगाच्या, म्हणजे कंपनीच्या, फरकापेक्षा मोठा आहे.

आता एचपी. सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात. अमेरिकेत २५ एचपीच्या आतल्या इंजिनांना डीपीएफ नसतो, म्हणजे धूर जाळणाऱ्या फिल्टरची कटकट नाही. म्हणून मीही आधी तोच लहान ट्रॅक्टर घ्यायला निघाले होते. पण टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आमच्या उंचीवर पाव भाग गेला. म्हणजे पंचवीसचे राहिले एकोणीस, आणि त्यातले पीटीओवर, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या दांड्यावर, पोहोचणार पंधराच्या आसपास. त्यावर सहा फुटी ब्लोअर ओला बर्फ फेकूच शकत नाही. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. तुमचं घर दोन हजार मीटरच्या वर असेल तर टर्बोशिवाय घेऊ नका.

आणि बर्फाचं वजन. आमचा रस्ता साडेतीन मीटर रुंद धरला आणि त्यावर एक फूट बर्फ पडला, तर तो होतो १,४०० ते १,५०० घनमीटर. जानेवारीतला भुरभुरीत बर्फ घनमीटरला सत्तर किलो धरा, म्हणजे शंभर टन. मार्चमधला ओला बर्फ तेवढाच पडला तर अडीचशे टनांच्या वर. उसाच्या भाषेत सांगायचं तर जानेवारीत डबल ट्रॉलीच्या पाच खेपा, मार्चमध्ये तेरा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. वाऱ्याने साचवलेला बर्फ तर आणखी जड, त्यावर माणूस उभा राहिला तरी पाय रुतत नाही.

ट्रॅक्टर आला त्या रात्री आण्णांना फोन केला. फोटो पाहून त्यांनी एकच विचारलं, "टायरात पाणी भरलंस का?" आमच्याकडे चढाला चाकं नुसती फिरायला लागली की मागच्या टायरांत पाणी भरतात, हे मला लहानपणापासून माहीत. इथे उणे वीसला पाण्याचा दगड होईल. डीलरने टायर रिकामेच दिले होते, आणि विचारलं तर म्हणाला लागणार नाही. त्याचं ऐकलं असतं तर पहिल्याच महिन्यात मी दरीत असते. इथे टायरांत बीटाचा रस भरतात. साखर काढून उरलेली बीटाची मळीच ती. उणे पस्तीसपर्यंत गोठत नाही, पाण्यापेक्षा जड असते आणि रिम गंजवत नाही. कॅल्शियम क्लोराइड स्वस्त पडतं, पण ते रिम खातं. आमच्या दोन मागच्या टायरांत मिळून साडेतीनशे किलो वजन वाढलं. आण्णांना म्हटलं मळी भरली, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वजन हाय न्हवं? मग झालं."

उताराबद्दल मला सर्वात जास्त सांगायचं आहे. दुकानात सगळे चढ कसा चढेल ते दाखवतात. बर्फात धोका उतरताना असतो.

या वर्गातल्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतरताना वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि तुम्ही ब्रेक दाबला की मागची चाकं थांबतात पण ट्रॅक्टर घसरतच राहतो. फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असेल तर पुढची चाकंही रोखली जातात. म्हणून उताराला तो लावलेलाच हवा, रस्ता कितीही साफ दिसो. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या सकाळी मी दुसऱ्या वळणाच्या वर मीडियम रेंजमध्ये, म्हणजे वेगाच्या मधल्या टप्प्यात, होते. वेग जास्त वाटला म्हणून उतारावरच लीव्हर लो मध्ये टाकायला गेले. हायड्रोस्टॅटिकमध्ये पेडल सोडलं की यंत्र स्वतःच रोखतं, पण रेंज बदलताना लीव्हर मधल्या न्यूट्रलमधून जातो, आणि त्या क्षणी चाकांना धरणारं काहीच उरत नाही. लीव्हर लो मध्ये बसेना. दोन टनांहून जड यंत्र आपल्या मनाने निघालं. मी लोडरची बकेट खाली आपटली आणि तिने खडीत रुतत रुतत आम्हाला आतल्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात नेऊन थांबवलं. बाहेरच्या बाजूला तीस फुटांची घळ आहे. केबिनमध्ये मी पट्टा बांधून बसले होते, हात थरथरत होते, आणि वायपर तसाच फिरत होता.

तेव्हापासूनचा नियम: रेंज ठरवायची ती उताराच्या आधी, सपाटीवर, पूर्ण थांबून. बकेट जमिनीपासून वीतभरच वर ठेवायची, म्हणजे तीच शेवटचा ब्रेक. आणि बर्फात घसरू नये म्हणून टायरांवर चढवायच्या साखळ्या चारही चाकांना. बहुतेक जण फक्त मागच्या चाकांना घालतात. चढायला ते पुरतं. पण उतरताना वळवणारी आणि रोखणारी चाकं पुढची आहेत. मी पुढच्या साखळ्या त्याच आठवड्यात मागवल्या आणि त्यानंतर एकदाही घसरले नाही. मागच्या साखळ्या केबिनला घासतात की नाही हे विकत घेण्याआधी मोजून पाहा, आमच्याकडे चाकं बाहेर सरकवणारे स्पेसर लावावे लागले. आमचे टायर आर-फोर म्हणजे औद्योगिक नक्षीचे आहेत. ते टिकाऊ आहेत, पण साखळीशिवाय बर्फावर काचेवर ठेवल्यासारखे वागतात.

पातं की ब्लोअर? यावर मी डिसेंबरात वेगळं उत्तर दिलं असतं. पात्याने सहा इंच बर्फ तासाभरात निघतो, ब्लोअरला दोन तासांच्या वर लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरात मी ब्लोअर जवळजवळ वापरलाच नाही आणि पैसे वाया गेले असं वाटत होतं. पण पातं बर्फ बाजूला सारतं, नाहीसा करत नाही. प्रत्येक वेळी कडेचा बांध थोडा आत सरकतो. जानेवारी संपता संपता साडेतीन मीटरचा रस्ता अडीच मीटरवर आला होता, आणि बांध गोठून सिमेंटसारखा झाला होता. अडीच मीटरमधून आगीचा बंब जात नाही. मग ब्लोअर लावून दोन दिवस फक्त बांध मागे हटवले. तो बर्फ घळीपलीकडे फेकतो, परत येत नाही. म्हणून माझं मत: रस्ता लांब असेल आणि एका बाजूला डोंगर असेल तर दोन्ही लागतात. एकच परवडत असेल तर ब्लोअर घ्या आणि पहाटे एक तास आधी उठा.

ब्लोअर मागे असल्यामुळे तो उलटा, रिव्हर्समध्ये चालवावा लागतो. दोन तास मान मागे वळवून. फेब्रुवारीत माझी उजवी बाजू धरली ती एप्रिलपर्यंत सुटली नाही. पुढे लावायचा ब्लोअर मिळतो, पण महाग असतो आणि लोडर काढावा लागतो. तरीही तो घ्यायला हवा होता असं मला आता वाटतं.

ब्लोअरमध्ये शिअर बोल्ट असतो, काही अडकलं की तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा म्हणून. एकदा बर्फाखाली सरपणाचा ओंडका होता, बोल्ट फटकन तुटला. ग्लोव्ह काढून, हेडलॅम्पच्या उजेडात नवा बसवायला दहा मिनिटं. सारखा तुटतो म्हणून जास्त कडक बोल्ट लावायचा मोह होतो. लावू नका. बोल्ट दोन डॉलरचा आहे, गिअरबॉक्स दोन हजारांचा. मी केबिनमध्ये दहा ठेवते.

डिझेलची एक चूक माझी. टाकीत सप्टेंबरचं डिझेल उरलं होतं. डिसेंबरात उणे चोवीसला इंजिन सुरू झालं, पाच मिनिटं चाललं आणि बंद पडलं. फिल्टर उघडला तर आत थिजलेल्या खोबरेल तेलासारखा लगदा. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं. हिवाळी डिझेल ऑक्टोबरातच भरायचं, आणि अँटी-जेल, म्हणजे डिझेल थिजू न देणारं औषध, गोठण्याआधी घालायचं, नंतर त्याचा उपयोग नसतो. इंजिन गरम करणारा ब्लॉक हीटर टायमरवर पहाटे तीनला सुरू होतो, पाचला इंजिन कोमट मिळतं. गरम व्हायला म्हणून तासभर स्लोवर चालू ठेवलं तर डीपीएफ काजळीने भरतो. कामाच्या आरपीएमला चालवलं तर तो स्वतःला साफ करतो. पूर्ण हिवाळ्यात त्याने मला एकदाही अडवलं नाही, तेव्हा ज्या भीतीने मी लहान ट्रॅक्टर घेणार होते ती भीती फुकटची होती.

केबिन चैनीची वाटते म्हणून टाळू नका. ब्लोअरने फेकलेला बर्फ वारा उलटला की थेट अंगावर येतो, आणि डोळ्यांपुढे काही दिसलं नाही की उतारावर काय होतं ते वर लिहिलं आहे.

मार्चमध्ये पुन्हा ओला बर्फ आला, दीड फूट. रात्री अकराला एक फेरी, तीनला दुसरी, सहाला तिसरी. जड बर्फ साठू द्यायचा नाही, पडता पडताच काढायचा. साडेआठला ऑक्सिजनची व्हॅन वर आली. ड्रायव्हरने आजींच्या दारात सिलिंडर उतरवले आणि खाली गेला. रस्त्याबद्दल तो काही बोलला नाही. त्याला बोलण्यासारखं काही दिसलंच नसणार.

उन्हाळ्यातली कामं: ब्लोअरच्या खालच्या पट्ट्या झिजल्यात, बदलायच्या. ब्लोअर जमिनीपासून बोटभर वर राहील अशा त्या लावल्या की खडी उडत नाही, सुरुवातीला मी हे केलं नाही आणि एका घराची खिडकी गेली, तिचे पैसे मी दिले. पुढच्या साखळ्यांच्या दोन कड्या पातळ झाल्यात. आणि ऑक्टोबरात, जमीन गोठण्याआधी, घळीच्या कडेने दर दहा मीटरला सहा फुटी काठ्या रोवायच्या. गेल्या वर्षी चार फुटी रोवल्या होत्या. फेब्रुवारीत त्यातली एकही वर दिसत नव्हती.